व्हॉल्व्ह तापेपर्यंत

माझ्या कानावर माझा फार भरवसा. वडिलांचं इचलकरंजीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि शाळा सुटली की माझं दप्तर तिथंच पडायचं. त्यामुळं गाणं कुणाचं हे कळायच्या आधी ते कशातून येतंय हे कळायला लागलं. मर्फी की फिलिप्स, काचेच्या नळ्यांच्या व्हॉल्व्हचा की ट्रान्झिस्टरचा, कंडेन्सर गेलाय की स्पीकरचा कागद फाटलाय. पुढं नोकरी बँकेत केली, पण कान दुकानातच राहिला. त्या कानानं साठीनंतर, तेही परमुलखात, मला तोंडावर पाडलं.

आम्ही दोघं लेकीकडं, स्कॉटलंडात एडिंबराला गेलो होतो. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना हा कार्यक्रम पाठ असतो. सकाळी लेक-जावई कामावर, नात शाळेत. मग घरात आपण दोघं आणि डिशवॉशर. हिची दुपारची झोप ठरलेली. मी चालत सुटायचो. चढउताराचं गाव, काळपट दगडी इमारती आणि पावसाचा कधीच भरवसा नाही. असाच एकदा पाऊस चुकवायला जुन्या रेकॉर्डींच्या एका छोट्या दुकानात शिरलो. आत तोच वास. जुनं पुठ्ठ्याचं कव्हर, धूळ आणि तापलेलं काहीतरी. कोपऱ्यात दुकानदारानं एक रेकॉर्ड लावून ठेवली होती.

मी उभाच राहिलो. चौघं वाजवत होते. ड्रम लहानसा, खोलीत दूर कुठंतरी ठेवल्यासारखा. गिटार स्वच्छ, पण जोरात छेडली की कडेला किंचित करपणारी. दोन गळे एका माइकवर, त्यातला एक थोडा मागं. डावं-उजवं काही नाही, सगळा आवाज मधोमध एका मुठीत. दोन मिनिटांत गाणं संपलं. मी काउंटरपाशी गेलो आणि माझ्या बँकेच्या इंग्रजीत, जरा शेखी मिरवतच म्हणालो, "त्रेसष्ट सालचं असणार. फार तर चौसष्टची सुरुवात."

दुकानदार माझ्याच वयाचा. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "बरोबर तीस वर्षांनी चुकलात. त्र्याण्णव. आणि पोरं याच गावातली."

ती पोरं म्हणजे 'द कैसर्स'. एडिंबराचा चौघांचा बँड, जॉर्ज मिलर हा पुढचा गायक-गिटारवाला. पहिली लाँगप्ले 'स्क्वेअरहेड स्टॉम्प!' १९९३ची. स्क्वेअरहेड, म्हणजे चौकोनी डोक्याचा, ही जर्मन माणसाला हिणवायची जुनी शिवी. कैसर म्हणजे जर्मन बादशहा. एका नावातच दुहेरी कोटी. त्यात कैसरवरून थेट हॅम्बुर्गचा कैसरकेलर आठवतो. हे तळघरातलं नाचघर. १९६०च्या शरद ऋतूत लिव्हरपूलची पाच अर्धपोटी पोरं इथं रात्र रात्र वाजवायची. नाव तेव्हा बीटल्स झालं होतं, पण जगाला ठाऊक नव्हतं.

मी रेकॉर्ड घेतली. बारा पौंड. घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, बाराशे रुपयांना? आणि लावणार कशावर?" मुद्दा बिनतोड होता. लेकीकडं रेकॉर्ड प्लेअर नव्हताच.

पण मी फसलो कसा, हे मला सोडवेना. जुन्यासारखं गाणारे खूप ऐकलेत. सांगली-मिरजेकडं गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचे. माझा एक चुलता तशाच एका ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचा. तिथं प्रत्येक गायकाला पदवी असायची. कुणी सांगलीचा मुकेश, कुणी जयसिंगपूरचा रफी. सूर हुबेहूब लागला की टाळ्या, शिट्ट्या. पण डोळे मिटून ऐकलं तर मला एका क्षणात कळायचं की हे आत्ताचं आहे. गळा जुना, पण भोवतालचं सगळं नवं. की-बोर्ड नवा, एको मशीन नवं, आवाजाचं पोट फुगलेलं. या एडिंबराच्या मंडळींचं उलटं होतं. गाणी बरीचशी त्यांची स्वतःची, कुणी कधी न ऐकलेली. आणि भोवतालचं सगळं तीस वर्षं जुनं.

मग मी त्या काळाच्या सामानामागं लागलो. जावयानं लॅपटॉप दिला आणि दुपारी हिची झोप होईपर्यंत माझं दुकान उघडलं.

मला मोह पडतो तो इथं, त्यामुळं जरा रेंगाळतो. युद्धानंतर ब्रिटनकडं डॉलरची चणचण होती. १९५१ पासून १९५९ पर्यंत अमेरिकेतून वाद्यं मागवायला जवळजवळ बंदीच होती. पोरांना रेडिओवर अमेरिकेचं रॉक अँड रोल ऐकू यायचं, पण ते ज्या गिटारीवर वाजायचं ती गिटार दुकानात मिळत नव्हती. मग जे मिळेल ते. चेकोस्लोव्हाकियातून येणारी फ्यूचुरामा गिटार बीटल्सच्या हॅरिसननं घेतली. त्यांच्याच मॅकार्टनीनं हॅम्बुर्गमध्येच १९६१ साली जर्मन हॉफ्नर बास गिटार घेतली, व्हायोलिनच्या आकाराची. एकोसाठी चार्ली वॉटकिन्स या माणसानं टेपचा छोटा पट्टा गोल फिरवणारी एक पेटी बनवली, कॉपिकॅट नावाची. आणि आवाज मोठा करायला व्हॉक्स कंपनी. त्यांच्या एसी थर्टी अॅम्प्लिफायरमध्ये शेवटच्या टप्प्याला चार व्हॉल्व्ह बसतात, ईएल ८४.

हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. ईएल ८४! वडिलांच्या दुकानात हा व्हॉल्व्ह मी शेकडो वेळा हाताळलाय. बोटभर उंचीची काचेची नळी, खाली नऊ पिना. मोठ्या फिलिप्स सेटमध्ये शेवटचं काम हाच करायचा. सेट चालू केला की अर्धा मिनिट काहीच नाही. मग नळीच्या पोटात नारिंगी ठिणगी, ती हळूहळू पसरायची, बसलेली धूळ जळाल्याचा वास यायचा आणि मग कुठून तरी लांबून आल्यासारखा आवाज. गिऱ्हाईक घाई करायचं. वडील म्हणायचे, "तापू दे की जरा." या व्हॉल्व्हची खोड अशी, की कुवतीपेक्षा जास्त ताण दिला तर तो एकदम फाटत नाही. आवाजाच्या कडा वितळवतो, त्यात थोडा गोडवा घालतो. ट्रान्झिस्टर तसं करत नाही, तो सरळ कचकन कापतो. त्या रेकॉर्डीतलं गिटारचं करपणं माझ्या कानाला ओळखीचं वाटलं ते यामुळं. लिव्हरपूलच्या तळघरात आणि इचलकरंजीच्या आमच्या बाकड्यावर एकच नळी तापत होती.

म्हणजे ज्याला आपण त्या जमान्याचा गोडवा म्हणतो, तो निम्मा टंचाईतून आलेला. चांगलं सामान नव्हतं, रेकॉर्डिंगला वेळ नव्हता. बीटल्सच्या पहिल्या लाँगप्लेची दहा गाणी एका दिवसात झाली, ११ फेब्रुवारी १९६३ला, दोन ट्रॅकच्या टेपवर, म्हणजे सगळे आवाज दोनच पट्ट्यांत. रात्री शेवटचं गाणं घेतलं तेव्हा लेननचा घसा पार बसला होता आणि तो बसलेला घसाच जगानं डोक्यावर घेतला. १९९३ मध्ये अशी टंचाई कुणालाही नव्हती. चोवीस ट्रॅक होते, संगणक आले होते, हवा तो आवाज बटणावर मिळत होता. अशा वेळी चार जणांनी आपण होऊन तंगीत राहायचं ठरवलं. हे मला उपासासारखं वाटतं. घरात अन्न नसणं वेगळं आणि एकादशी धरणं वेगळं.

एकटे तेच नव्हते म्हणा. इंग्लंडात केंटमध्ये बिली चाइल्डिश आणि त्याची मंडळी याच वाटेनं चालली होती. लंडनमध्ये लियाम वॉटसननं टो रॅग नावाचा स्टुडिओ काढला होता, त्यात जुनी टेप मशीनं आणि जुनी टेबलं. पुढं अमेरिकेच्या व्हाइट स्ट्राइप्सनं 'एलिफंट' हा २००३चा अल्बम तिथं आठ ट्रॅकवर केला आणि जगभर गाजला. तेव्हा लोकांना एकदम या साधेपणाचं कौतुक वाटायला लागलं. आधी दहा वर्षं तेच करणारे मात्र हौशी वेडे ठरले होते.

आता स्कॉटलंडच का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर आहे. बीटल्सचा पहिला दौरा लंडनचाही नव्हता आणि हॅम्बुर्गचाही नव्हता. तो स्कॉटलंडचा होता. मे १९६०, जॉनी जेंटल नावाच्या गायकामागं साथ करायला ही पोरं उत्तर-पूर्वेकडच्या गावागावांतून एका व्हॅनमधून फिरली. पहिला कार्यक्रम २० मेला अॅलोआच्या टाउन हॉलमध्ये. मग इन्व्हरनेस, फ्रेझरबर्ग, कीथ, फॉरेस. वाटेत व्हॅन धडकली, ड्रमरच्या तोंडाला लागलं, तरी त्याला वाजवायला बसवलं. तेव्हा बास वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ हा जन्मानं एडिंबराचाच. पुढं तो हॅम्बुर्गला चित्रकलेसाठी राहिला आणि १९६२ साली एकविसाव्या वर्षी तिथंच गेला.

जानेवारी १९६३ मध्ये बीटल्स परत आले. बर्फामुळं पहिला कार्यक्रम रद्द झाला. मग एल्गिन, डिंगवॉल, ब्रिज ऑफ अॅलन, अॅबर्डीन. डिंगवॉलची गोष्ट तिकडं अजून सांगतात. त्या रात्री हॉलमध्ये मूठभरच माणसं होती, कारण बाकीचा गाव शेजारच्या स्ट्रॅथपेफरला मेलोटोन्स या स्थानिक बँडच्या नाचाला गेला होता. मला ही गोष्ट फार आवडते. जत्रेतला आपल्या गावचा तमाशा सोडून कोण कुठल्या परगावच्या चार पोरांना ऐकायला जाईल?

तेव्हा बीटची, म्हणजे बीटल्सच्या वळणाच्या गाण्यांची लाट आली तशी स्कॉटलंडमध्येही गावोगाव बँड निघाले. ग्लासगोचे बीटस्टॉकर्स, ग्लासगोचेच पोएट्स. फक्त मोठी रेकॉर्ड कंपनी तिकडं एकही नव्हती, त्यामुळं नाव करायचं तर लंडनची गाडी पकडायची. तिथं गेल्यावर नाव बदला, केस बदला, गाणं दुसऱ्याचं घ्या. मार्मलेड हा ग्लासगोचा बँड ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला स्कॉटिश बँड, पण ते साल होतं १९६९ आणि गाणं होतं बीटल्सचं. म्हणजे स्वतःच्या बीटचा हिशेब स्कॉटलंडला कधी नीट चुकता करताच आला नाही. कैसर्स ती जुनी उधारी फेडायला आले असावेत असं मला वाटतं, त्यांनी तसं कुठं म्हटलेलं नसलं तरी.

आणि आले तेही कुठल्या वर्षी! ३१ मे १९९३ला ग्लासगोच्या किंग टट्स या छोट्या जागेत मँचेस्टरचा एक अनोळखी बँड वाजवून गेला. तिथं बसलेल्या अॅलन मॅगीनं त्यांना आपल्या रेकॉर्ड कंपनीत घेतलं. तो बँड ओएसिस. बीटल्सवर त्यांचीही भक्ती, पण त्यांनी देव उचलला आणि मोठ्या मंडपात नेला. भिंतीएवढा आवाज, हजारोंची मैदानं. त्याच वर्षी, तासाभराच्या अंतरावरच्या गावात कैसर्स मात्र देव देवळीतच ठेवून बसले. 'इन स्टेप विथ द कैसर्स', 'बीट इट अप!', 'विशिंग स्ट्रीट' असे एकामागून एक अल्बम आले आणि हे घड्याळ काही १९६३च्या पुढं सरकलं नाही. ओएसिसचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कैसर्सचे चाहते क्लबांत होते, जुन्या स्कूटरी आणि अरुंद टायवाल्यांच्या जमावड्यात होते. खपाच्या तक्त्यांमध्ये नाव नाही. लेकीच्या ओळखीतल्या दोन-तीन पन्नाशीच्या एडिंबराकरांना मी विचारलं, त्यांनीही नाव ऐकलेलं नव्हतं.

जावई हुशार आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे. जेवताना त्यानं विचारलं, "पण बाबा, यात नवीन काय? जे झालंय तेच परत करायचं तर मूळचंच ऐकावं ना."

मी तेव्हा आमटीत पोळी बुडवत होतो, पटकन उत्तर सुचलं नाही. रात्री सुचलं. आमच्या आजीला जात्यावर बसलं की ओव्या सुचायच्या. साडेतीन चरणांचा तो साचा ज्ञानेश्वरांच्याही आधीचा. आजीच्या ओवीत मात्र एसटी यायची, पॉवरलूम यायचा, माझ्या आत्याचं सासर यायचं. तिला कुणी म्हणालं नाही की म्हातारे, तू रेट्रो आहेस. ख्याल गाणारा तीच यमनची सरगम घेऊन बसतो आणि नवी बंदिश बांधतो, त्याला आपण नकलाकार म्हणत नाही, घराण्याचा म्हणतो. मग चार जणांनी दोन गिटारी, एक बास, एक ड्रम आणि सव्वादोन मिनिटं हाच आपला छंद मानला तर बिघडलं कुठं? पॉप संगीताला एवढी घाई का, की तीस वर्षांचा साचा लगेच अडगळीत? आपल्याकडं तीस वर्षांत एखाद्या रागाला आलाप संपत नाही.

सकाळी हे जावयाला सांगायचं होतं, पण त्याची मीटिंग होती.

घराण्याचं म्हटलं तर भाऊबंदकीही आलीच. एडिंबरात कैसर्सच्या आधीपासून आणखी एक दुकान चालू होतं. 'द थेन्स'. लेनी हेल्सिंग हा त्यांचा म्होरक्या. मूळ बँड 'द ग्रीन टेलिस्कोप', मग १९८०च्या दशकातच 'द थेन्स ऑफ कॉडर', मग नुसते थेन्स. तेही जुन्याचेच भक्त, पण त्यांचं घड्याळ १९६६च्या आसपास थांबलेलं, आवाज जास्त खरखरीत. बाहेरच्याला दोन्ही सारखंच वाटेल. आतल्यांना त्या तीन वर्षांत किराणा आणि आग्रा घराण्यांइतकं अंतर दिसतं.

मला या सगळ्यात खरी चटका लावणारी गोष्ट सापडली ती या थेन्सच्याच निमित्तानं. मघाशी पोएट्सचं नाव घेतलं. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सचा मॅनेजर अँड्र्यू लूग ओल्डहॅम याची नजर या ग्लासगोच्या पोरांवर पडली. कवी रॉबर्ट बर्न्सच्या काळातले वाटावेत असे झालरींचे शर्ट घालायचे, बारा तारांची गिटार वाजवायचे. डेक्का कंपनीकडून त्यांची पहिली रेकॉर्ड आली आणि ब्रिटनच्या यादीत ३१व्या क्रमांकापर्यंत गेली. बस्स. पुढं पुन्हा त्या यादीत कधी आले नाहीत. रेकॉर्डी मात्र जुन्या बाजारात चढ्या भावानं फिरत राहिल्या. गायक जॉर्ज गॅलाकर आपल्या संसाराला लागला.

आणि २०११ साली हा गॅलाकर, आता पासष्टी ओलांडलेला, पुन्हा पोएट्सची गाणी म्हणायला उभा राहिला. त्याच्यासोबत पोएट्सचाच जुना गिटारवाला फ्रेझर वॉटसन. मूळच्या बाकीच्यांचा मेळ नव्हता. मागं साथीला उभे होते थेन्स. ग्लासगोत वाजवलं, लंडनमध्ये वाजवलं. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, गॅलाकर वारला.

मी त्या कार्यक्रमाला नव्हतो, पण प्रसंग मनाशी रंगवून पाहतो. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचंच गाणं सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांनी म्हणायचंय. कुठं थांबायचं, दुसऱ्या कडव्यानंतर ड्रम कसा येतो, गिटारचा तो चमत्कारिक चढ कुठल्या तारेवर, हे त्याला तरी धड आठवत असेल का? मागं उभ्या पोरांना आठवतंय. म्हणजे आठवत नाही, पाठ आहे. सुई घासून घासून, रेकॉर्ड पन्नास वेळा मागं घेऊन पाठ केलंय. ज्यांना नकलाकार म्हणून हसले त्यांच्याकडंच अस्सल माणसाला आपलं गाणं मागायला यावं लागलं. चुलता सांगायचा, नाटक कंपनीतल्या म्हाताऱ्या नटाला पद सुचेना की पेटीवाला हळूच पुढचा सूर दाबून धरायचा. नट सावरायचा, टाळ्या नटाला.

कैसर्सचं पुढं काय झालं? त्यांच्या वर्तमानपत्री बातम्या नाहीत, भांडणं चव्हाट्यावर नाहीत. नव्वदचं दशक मावळलं तसा तो पहिला जोर ओसरला. जॉर्ज मिलर पुढं ग्लासगोच्या 'न्यू पिकॅडिलीज' या बँडमध्ये दिसतो. तिथं त्यांनी वेगळीच गंमत केली. रामोन्ससारख्या पंक बँडची धडाधड गाणी घेतली आणि ती १९६३च्या लिव्हरपूलच्या चालीत, गोड गळे मिळवून गायली. बीटच्या लाटेला पंधरा वर्षंही झाली नव्हती तोवर पंकवाले जुनं जाळायला निघाले, पण खरं तर पंक हे बीटच्याच घरातलं पोरगं होतं, हे त्यातून असं काही उघडं पडतं की हसू येतं. हे ऐकून नात सोफ्यावर उड्या मारायची. तिला १९६३चं बीट, १९७६चं पंक आणि ही २०१४ची सरमिसळ सगळं एकच, आजोबांच्या काळातलं.

परत आल्यावर मी माळ्यावरून वडिलांचा फिलिप्स काढला. ट्रान्सफॉर्मरचा सेट, म्हणूनच हात लावायची हिंमत केली. बिनट्रान्सफॉर्मरच्या सेटची चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट मेन्सला असते, वडिलांनी त्यावरून एकदा कानाखाली दिली होती. वीज लावायच्या आधी सगळे जुने कंडेन्सर बदलले. कोल्हापुरात दोन दुकानं पालथी घातली, पोरगा काउंटरवरून म्हणाला, "काका, एवढ्या व्होल्टचं आता कोण मागतं?" कागदी पुड्यांच्या जुन्या डब्यात एक ईएल ८४ निघाला, वर वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीनं 'चालू' लिहिलेलं. आठ दिवस लागले. हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, सोल्डर नको तिथं सांडतं.

त्या सेटला मागं पिकअपची दोन भोकं आहेत, पूर्वी लोक त्यात फोनोची वायर घालायचे. मी मोबाइलची वायर कापून त्याला दोन पिना जोडल्या. रेकॉर्ड कपाटात तशीच आहे, ती लावायला अजून काही घेतलेलं नाही. कैसर्स मोबाइलवर काढले आणि बटण फिरवलं.

काहीच नाही. ही स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

"अहो, लागेना का?"

मी मागून पाहिलं. नळीच्या पोटात ठिणगी धरली होती.

"थांब," म्हटलं, "तापू दे की जरा."